कमावलेली झडप

भास्करनं पोह्यांवर शेव घालता घालता मला सांगितलं, तुझ्या छातीत गाईचं कातडं बसवलंय. आज मंडीत कोथिंबीर स्वस्त आहे, असं सांगावं तसं सांगितलं. "कातडं म्हणजे अगदी कातडं नव्हे भिया," तो म्हणाला, "हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते ना, ती. पण कमावतात आमच्यासारखीच. औषधही तेच. हातमोज्यांचं मऊ कातडं आम्ही ज्यात काढायचो, तेच." मग त्यानं पट्टा एका भोकानं सैल केला, नीट टेकून बसला आणि पोह्यांवर भुरभुरायला जिरावण मसाला मागितला. ऋजुता, माझी सून, जिरावणाची डबी घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली होती, ती तिथंच उभी राहिली. तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की हे खरं आहे, आणि घरात माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे. मी तोंडातला घास चावून गिळला. गंमत अशी की घास सुरळीत उतरला. महिन्याभरापूर्वी खाता खाता दोन शब्द बोललो तरी धाप लागायची, ताटावरून हात काढून भिंतीला टेकावं लागायचं. आता मी खाऊ शकत होतो, ऐकू शकत होतो आणि शिवाय रागावूही शकत होतो. "गाईचंच कशावरून?" मी विचारलं. "हृदयाची नवी झडप टिशूची, असंच म्हणाले ना डॉक्टर? मग गाय, नाहीतर डुक्कर," भास्कर म्हणाला. "मी ऋजुताला विचारून घेतलं. डुक्कर नाही. बेफिकीर राहा."

बेफिकीर राहा म्हणे. दुसरा कोणी असता तर राहिलाही असता. पण मी आमच्या दत्ताचा पुजारी. पोटासाठी नव्हे, पोटासाठी मी सरकारी शाळेत जन्मभर हिंदीतून गणित शिकवलं. माझे खापरपणजोबा धाकट्या पातीच्या दरबारात फडणीस होते, त्यांनी हे छोटं देऊळ बांधलं आणि पूजा घराण्याकडे ठेवली. देवासला तेव्हा दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात, मधून रस्ता. आमचं घर थोरल्या पातीत आणि देव धाकट्या पातीत. आजोबा सांगत की आपण रोज सकाळी कद नेसून परराज्यात जातो आणि नैवेद्य दाखवून मायदेशी परत येतो. राज्यं गेली, रस्ता उरला, त्यावर आता मोबाइलची दुकानं आहेत. त्या देवळाचा एक नियम आहे आणि तो मी माझ्या नोकरीपेक्षा कडक सांभाळला. गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत चामडं न्यायचं नाही. उंबऱ्याशेजारी एक कोनाडा आहे, त्यात पाकिटं, पट्टे, घड्याळं काढून ठेवायची. वर मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवलीय, 'चमड़े की वस्तुएँ बाहर रखें', कारण आमच्या गल्लीत मराठी वाचणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले. मी जावयांचे पट्टे काढायला लावलेत. वर्दीतल्या ठाणेदाराला परत पाठवलंय. प्रणव, माझा मुलगा, लहानपणी खिशात चामडी बाहुल्याचा किल्लीगुच्छ विसरला तेव्हा मी सबंध गाभारा पुन्हा धुतला, थंडीत, बर्फासारख्या पाण्यानं. आणि आता चामडं माझ्या आत बसलं होतं आणि कोनाडा बाहेर होता.

भास्कर गेला. जाताना "संध्याकाळी येतो, तालाबापर्यंत फिरून येऊ" म्हणाला. त्याला आपण काय करून बसलोय याचा पत्ताच नव्हता, आणि अशी चूक त्याच्याखेरीज कोणी केलीही नसती, कारण ती चूक निव्वळ अभिमानापोटी झाली होती. भास्कर आणि मी एका गल्लीत वाढलो. त्याचे वडील थोरल्या पातीच्या हिशेबखात्यात होते, घर कर्मठ, माझ्याहून कर्मठ. यानं रसायनशास्त्र घेतलं आणि औद्योगिक वसाहतीतल्या चामड्याच्या कारखान्यात नोकरी धरली. गल्लीत हाहाकार. वडील वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत, आई त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. तो मात्र खूश होता. त्याला कातड्याबद्दल बोलायला आवडायचं, जसं कोणी गाण्याबद्दल बोलावं. कच्चं कातडं चुन्यात कसं फुगतं, केस कसे सुटून येतात, मग ते औषधात कसं शांत होतं, सडायचं थांबतं. "भिया, सडणं थांबवायचं म्हणजे खेळ नाही," तो म्हणायचा. मी नाक मुरडायचो. रोज आरतीला तो यायचा, कारखान्यातून सरळ, त्याच्या शर्टाला एक आंबूस-गोड वास असायचा, आणि सभामंडपात गाभाऱ्यासमोरच्या डावीकडच्या खांबाला टेकून उभा राहायचा. आत कधी आला नाही. मी त्याला कधी अडवलं नाही. त्यानं कधी उंबऱ्यात पाय टाकला नाही. यावर आम्ही कधी बोललोही नाही. माझी समजूत अशी की त्याचं त्यालाच कळतं, ज्या हातांनी दिवसभर ते काम करायचं ते हात देवापाशी न्यायचे नाहीत. त्याचा हा समंजसपणा मला आवडायचा. निवृत्त होऊन त्याला किती तरी वर्षं झाली, वास गेला, पण तो आजही त्याच खांबाला टेकतो.

ऋजुता समोर येऊन बसली. ती इंदूरची, मराठीच, पण बोलणं हिंदीच्या तव्यावर भाजलेलं. "भाऊ, तुम्हाला बुरं वाटलं का? आम्ही सांगणारच होतो. प्रणव म्हणाला आधी तब्येत संभळू दे. धातूची झडप घातली असती तर छाती उघडावी लागली असती, आणि या उमरमध्ये डॉक्टर त्याला तयारच नव्हते." मी म्हणालो, "मी काही विचारलं का तुला?" तिनं जिरावणाची डबी उचलली. मग उठताना हळूच म्हणाली, "तुम्ही रात्री बसून झोपत होता. मी दाराशी येऊन ऐकायची, श्वास चालू आहे का. मला दुसरं काही सुचत नव्हतं भाऊ." ही मुलगी मला आवडते, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तेव्हाही नाही सांगितलं. पोहे गार झाले होते, ते खाऊन टाकले.

मग मी माझ्या खोलीत जाऊन पलंगावर पडलो आणि छातीवर हात ठेवला. काहीच वेगळं लागेना. आत एक पाहुणा आलाय आणि तो इतका गुपचूप राहतोय की यजमानाला त्याचं तोंडही पाहायला मिळालेलं नाही. जुनी झडप अशी नव्हती, ती फार बोलायची. टेकडीवर देवीच्या दर्शनाला मी मंगळवारी पायऱ्यांनी जात असे. रोपवे झाला तेव्हा त्याला नावं ठेवणाऱ्यांत मी पहिला. मग एका मंगळवारी अर्ध्यावर छातीवर कोणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि खाली गावाकडे पाहत असल्याचं सोंग केलं. पुढच्या मंगळवारी तेच सोंग चार ठिकाणी केलं. त्यानंतर देवीला खालूनच नमस्कार करू लागलो आणि घरी सांगितलं की गुडघा दुखतो. पाण्याचा हंडा गाभाऱ्यात न्यायचा तर उंबऱ्यावर टेकवून आधी श्वास गोळा करायचा. मंत्र म्हणताना मधेच हवा संपायची, आणि मी ओळ तोडून पुढच्या ओळीला जायचो. दत्तानं काही म्हटलं नाही. शेवटी एका गुरुवारी आरतीत मी घंटेसकट खाली बसलो. भास्करनं उंबऱ्याबाहेरूनच ओरडून प्रणवला बोलावलं.

इंदूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दाराची तीन पानं होती, ती चुना धरून कडक झालेली. आपल्या माळव्याच्या पाण्यानं नळाच्या तोंडाला पांढरा क्षार धरतो, तसंच. नळ पूर्ण सोडावा आणि पाणी करंगळीएवढं यावं, तसं चाललं होतं माझं. मी म्हणालो, "म्हणजे बदलावा लागेल." डॉक्टर तरुण होता, हसला. "बदल देंगे भाऊसाब. जांघ से जाएँगे, छाती को हाथ भी नहीं लगाएँगे." जांघेतल्या धमनीतून एक नळी वर न्यायची, तिच्या टोकाला मिटलेल्या छत्रीसारखी नवी झडप, जुन्या झडपेच्या ऐन मधोमध उघडायची. जुनी तिथंच भिंतीला चेपून राहणार. मला हे फार पटलं. आमच्या घराण्यातही नवा कर्ता असाच येतो, जुन्याला बाहेर काढत नाही, बाजूला सारतो. बाकी मी काही विचारलं नाही. झडप कशाची आहे हे विचारायचं सुचायला हवं होतं. गणिताचा मास्तर मी, मुलांना आयुष्यभर म्हणत आलो की दिलेलं काय ते आधी लिहा. पण धाप लागलेला माणूस दिलेलं काय ते पाहत नाही.

पूर्ण भूल दिली नव्हती. जांघेत सुई टोचली, मग नुसता दाब, कोणीतरी अंगठ्यानं पाय दाबत बसल्यासारखा. थंडी फार होती त्या खोलीत. डोक्यावर एक जड यंत्र इकडून तिकडे फिरत होतं आणि माझ्या डाव्या अंगाला पडदा, त्यावर राखाडी रंगात माझं हृदय, आणि त्यात खालून वर सरकणारी एक काळी तार. ते आपलं आहे असं वाटेचना. मधेच काहीतरी औषध सोडलं की ऊब अंगभर पसरायची, थेट तळपायापर्यंत, आणि लाज वाटावी अशी शंका यायची की आपण चादर ओली केली. डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं की झडप उघडताना हृदय स्थिर हवं, म्हणून ते थोडा वेळ इतक्या जोरात पळवणार की रक्त पुढे जाणारच नाही. "आँखों के आगे अँधेरा आएगा, घबराना मत." मी ठरवून ठेवलं होतं की त्या वेळी दत्ताचं नाव घ्यायचं. याच क्षणासाठी तर जन्मभर पूजा केली. मग कोणीतरी आकडा बोललं, छातीत पाखरांचा थवा एकदम उडाला, पडदा राखाडीचा काळा होत गेला, आणि मला आठवला भास्कर. टेकडीच्या मागच्या उतारावर शाळा चुकवून बसलेला, अर्ध्या चड्डीतला. चड्डी त्याच्या थोरल्या भावाची, कमरेला सुतळीनं बांधलेली. खिशातून पेरू काढतो, शर्टाला पुसतो, मधोमध चावून मोठा अर्धा मला देतो. मीठ नाही म्हणून आम्ही दोघं हळहळतो. बस्स. नाव नाही, मंत्र नाही. पेरूची बी दातात अडकल्याचं मात्र स्पष्ट कळलं. मग पाखरं बसली, कुठून तरी उजेड आला आणि डॉक्टर म्हणाला, "हो गया भाऊसाब, खुल गया." आणि मी श्वास घेतला. काय सांगू, तो श्वास खोल विहिरीत सोडलेल्या दोरासारखा खाली खालीच गेला. इतकी जागा माझ्या आत होती हे मी विसरूनच गेलो होतो. मी रडलो. डॉक्टरला वाटलं दुखतंय.

तेव्हापासून मी खरं म्हणजे सुखात आहे, आणि हीच तर अडचण. वाईट वाटून घ्यावं म्हणून मी पलंगावर पडलो होतो, पण मला वाईट वाटण्याइतकी धाप लागत नव्हती. खाली वाकून चपलेचा अंगठा सरळ करता येतो, आडवं झोपता येतं, भाजी उरली म्हणून आणखी अर्धी पोळी मागता येते. सकाळी जाग येते ती गजराआधी, आणि मी नुसता पडून श्वास घेत राहतो, चैन म्हणून. मग त्या दुपारी पहिल्यांदाच मनात आलं की ही चैन कोणाच्या तरी हृदयावरचं पांघरूण काढून माझ्या हृदयात बसवल्यामुळे आहे. ती गाय कुठल्या तरी दूरच्या देशातली असणार, तिला कापलं असणार. माझ्यासाठी नव्हे, त्यांच्या जेवणासाठी; पण कापलं. तिचं हृदय त्या पिशवीत तिच्या आयुष्यभर हललं असेल, चरताना, पाणी पिताना, वासराला चाटताना. मला तिचा रंगही ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या दत्तामागची संगमरवराची गाय आली. तिची मान किंचित वळलेली, एका कानाचा टवका गेलेला. रोज दत्ताला गंध लावून झालं की उरलेलं बोट मी तिच्या कपाळावर टेकवतो. सवय म्हणून, तिच्याकडे न बघता. आता तिच्यासमोर जायचं कसं? नियम, सोवळं, पाटी, हे सगळं एकीकडे. खरी भीती ही होती की मी आत गेलो आणि ती माझ्याकडे बघत असली तर.

दुसऱ्या दिवशी धारला अक्काला फोन लावला. अक्का माझी थोरली बहीण. सोवळ्याओवळ्यात आमच्याकडे तिच्यावर अपील नाही. तिच्या घरी अजून पिण्याच्या पाण्याला बोट लागलं तर हंडा रिता होतो. मी सगळं सांगितलं, कातडं हा शब्दही गाळला नाही.  मग ती म्हणाली, "गाईचंच ना रे? म्हशीचं नाही ना? नीट विचारून घे." मी म्हणालो, "गाईचंच." "हं. गाईचं दूध चालतं, तूप चालतं, शेण तर आपण सारवायलाच घेतो. पण हे..."  मला वाटलं आता निकाल येणार, आणि खरं सांगतो, कुठलाही आला असता तरी मी निमूट मानला असता. निकाल बाहेरून आला की माणूस सुटतो. "श्वास लागतो का आता?" तिनं विचारलं. "नाही." "उताणा निजतोस?" "निजतो." "आबांना असंच व्हायचं," ती म्हणाली. आबा म्हणजे आमचे वडील. "रात्रभर उशा रचून बसायचे. तेव्हा ही असली विद्या नव्हती. मी पंखा घालायची आणि म्हणायची, देवा, यांना एक श्वास पुरता दे. एकच." तिचा आवाज फाटला. "तू निजतोस ना, मला पुष्कळ झालं. बाकी तू जाण आणि तुझा दत्त जाणे. माझ्या डोक्यावर हे घालू नकोस." आणि फोन ठेवला. मी तसाच कानाला लावून बसलो. एवढ्या वर्षांत अक्कानं एखाद्या प्रश्नाचा निकाल दिला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

डॉक्टरांनी पूजेला केव्हाच परवानगी दिली होती. मीच चालढकल करू लागलो. जांघेत ओढ लागते म्हणालो, गार पाण्याची अंघोळ नको म्हणालो. पूजा ऋजुता करत होती. धुतलेल्या सलवार-कमीजमध्ये, मोबाइलवर स्तोत्र लावून, आणि गंध असं की दत्ताच्या मधल्या मुखाची भिवई दरवेळी बुजायची. मी सभामंडपात खुर्ची टाकून बसायचो आणि तिला सूचना द्यायचो, "समई उजवीकडे. उजवीकडे म्हणजे त्याच्या उजवीकडे." ती निमूट ऐकायची. बाजूला खांबाला टेकून भास्कर. मी आता त्याच्या ओळीत आलो होतो. इथून गाभारा लहान दिसतो, काळोखाच्या चौकटीत दिवा आणि त्यामागे तीन मुखं. आतून मला नेहमी हात दिसत आले, माझेच, फुलं निवडणारे, पाणी घालणारे. दत्त सबंध असा मी क्वचितच पाहिला होता. सुंदर दिसतो. पण मला तो बाहेरून नको होता. दत्तजयंती आठवड्यावर आली. प्रणवनं कामावरून फोन करून विचारलं की जमणार नसेल तर उज्जैनहून कोणी गुरुजी बोलावू का. मी "बघतो" म्हणालो आणि जेवताना दहीभात अर्धाच टाकून उठलो. माझ्या जागी परका माणूस पाळणा हलवणार, आणि मी खुर्चीत बसून समई उजवीकडे म्हणणार. असं जगायचं असेल तर श्वास घेऊन करायचं काय, असंही एकदा मनात आलं, आणि ते येताक्षणी लाज वाटली, कारण श्वास तेव्हाही छानच चालला होता.

गुरुवारी मी उठलो, अंघोळ केली, कपाटातून कद काढला. ऋजुतानं पाहिलं आणि फुलांची परडी माझ्या हातात दिली. मार्गशीर्षातली थंडी, रस्त्यावर ऊन नुकतं उतरलेलं, दुकानांची शटरं अजून खाली. मी थोरली पाती ओलांडून धाकट्या पातीत गेलो. देवळाच्या पायऱ्या न थांबता चढलो. भास्कर आधीच आलेला, मफलर गुंडाळून खांबापाशी. माझ्या अंगावरचा कद पाहून तो सरळ उभा राहिला. मी उंबऱ्यापाशी गेलो. सवयीनं घड्याळ काढलं, कोनाड्यात ठेवलं. चष्म्याचं घर कंबरेला खोचलेलं होतं, तेही ठेवलं. मग वर पाटी दिसली, माझ्याच अक्षरातली, आणि माझा हात आपोआप छातीवर गेला. कोनाड्यात ठेवायचं आणखी काहीतरी राहिलंय, असा तो हात तिथं थांबला. पाय उचलेना. आत समई मंद, मागे गाईचा तुटका कान. किती वेळ उभा होतो कोण जाणे.

"ते राहू दे," मागून भास्कर म्हणाला. "ते काढायचं नसतं." मी वळलो नाही. "भास्कर, चामडं आहे रे ते. तूच म्हणालास." "म्हणालो. आणि तेव्हापासून रोज स्वतःला शिव्या देतोय. ऋजुतानं नंतर मला जे सुनावलं ते तुला नाही सांगत." तो जवळ आला, खांब सोडून. "आता ऐक. मी जन्मभर तेच केलं. मेलेली वस्तू सडू नये, कोणाच्या तरी कामी यावी. तुझ्या आत जे आहे ते दर ठोक्याला उघडतंय, मिटतंय. काम करतंय. त्याला चामडं मी तरी म्हणणार नाही, आणि या गावात त्यातलं माझ्याइतकं कोणाला कळत नाही." "आणि ती?" मी गाईकडे बोट केलं. भास्करनं मान लांब करून आत पाहिलं. "तिला गंध लाव," तो म्हणाला. "आधी तिला लाव. मग त्याला."

मी उजवा पाय उचलला आणि आत ठेवला. काही झालं नाही. दिव्याची ज्योत हललीही नाही. तोच गार दगड, तोच तेलाचा आणि शिळ्या झेंडूचा वास. सहाणेवर गंध उगाळलं, सावकाश, आणि दत्ताला ओलांडून आधी मागे हात नेला. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघून तिच्या कपाळावर बोट टेकवलं. संगमरवर बोटाखाली गार लागला, आणि बोटाच्या टोकाला माझीच नाडी उडताना लागली. मी तिथंच म्हणालो, मोठ्यानं म्हणालो, "बाई, फार उपकार झाले." मग डोळे भरून आले आणि थोडा वेळ पूजा तशीच राहिली. श्वासाला मात्र काही झालं नाही.

डोळे पुसून मी बाहेर पाहिलं तर भास्कर पुन्हा खांबापाशी. "आत ये," मी म्हणालो. "नको. मी बरा आहे इथे." "ये म्हणतो ना. आता तुझे हात आणि माझी छाती, दोघांचा एकच धर्म झाला. इतकी वर्षं तू हातांपायीच बाहेर राहिलास ना?" भास्करच्या सुरकुतलेल्या तोंडावर खराखुरा गोंधळ पसरला. "हात? हातांना काय झालं?" "मग?" "अरे, पट्टा. तुझी ती पाटी. पट्टा काढला की माझी पँट सुटते. आमच्या घराण्यात कुणाला ढुंगणच नाही, तुला ठाऊक आहे. चारचौघांत, आरतीत, दोन्ही हातांनी पँट धरून उभा राहू का मी? म्हटलं, त्यापेक्षा खांब बरा." "पायजमा घालायचास." "पायजम्यात माणूस आजारी दिसतो." तो खरं बोलत होता की मला सोडवत होता, हे मला कळलं नाही, आणि त्याच्या तोंडावरून ते कळूही शकलं नसतं, हा माणूस मोठा अर्धा पेरू देऊन लहानच मला आवडतो म्हणणारा. मी म्हणालो, "आज चारचौघं नाहीत. मी एकटाच आहे." त्यानं मागे वळून रिकामा सभामंडप पाहिला, रस्ता पाहिला. मग कारखान्याच्या दिवसांतला तो पट्टा सोडवला, स्वतः कमावलेल्या कातड्याचा, जुना, काळा, अजून मऊ, आणि नीट गुंडाळी करून माझ्या घड्याळाशेजारी कोनाड्यात ठेवला. डाव्या मुठीत पँट आवळून तो उंबरा ओलांडून आत आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि उजव्या हातानं घंटा उचलली. मी आरती म्हणायला सुरुवात केली. मधे कुठं ओळ तोडावी लागली नाही.